घरी बांधलेल्या जुन्या विमानाचं इंजिन माउंट कसं बदलायचं

९ जून २०२५ ला सोलापुरातल्या होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याचं विमान उडालं, आणि तेव्हापासून अक्कलकोट रस्त्यावरच्या आमच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये येणाऱ्या पोरांचे प्रश्न बदलले. आधी ते गेट आणि ट्रॉलीबद्दल विचारायचे. आता कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या दोन आसनी विमानाबद्दल विचारतात. ते विमान माझ्या दाजींचं. कुणीतरी हौसेनं घरी बांधलेलं, स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा आणि वर कापड, पुढे लायकोमिंग कंपनीचं चार सिलिंडरचं इंजिन. त्यांनी ते अर्धवट उघडलेल्या अवस्थेत विकत घेतलं आणि आम्ही दोघं मिळून ते पुन्हा उभं करतोय. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांचं नाव ही पोरं घेतात. त्या विमानाची नोंदणी २०१७ मध्ये झाली, हेही त्यांना पाठ असतं. पण हातात पाना घेऊन नेमकं काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आम्ही केलेल्या कामांपैकी सगळ्यात जोखमीचं काम इंजिन माउंट बदलण्याचं होतं, म्हणून तेच इथं क्रमानं सांगतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. विमान घरी बांधलेलं असलं तरी उडवायची परवानगी डीजीसीएच्या, म्हणजे देशातल्या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, हातात असते. माउंट बदलणं हे मोठं काम. तपासून सही करण्याचा अधिकार असलेल्या इंजिनिअरला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. सगळं संपल्यावर बोलावलंत तर तो आतलं काही पाहू शकणार नाही, आणि न पाहिलेल्या कामावर सही करणारा माणूस तुम्हाला नकोच आहे.

माउंट म्हणजे काय, आणि ते का जातं

वैमानिकाच्या पायांपुढे पत्र्याची एक भिंत असते, ती फायरवॉल. तिच्या पुढे नळ्यांचा एक पिंजरा असतो आणि पिंजऱ्याच्या पुढच्या टोकाला रबरांवर इंजिन टांगलेलं असतं. हा पिंजरा म्हणजे माउंट. गॅरेजवाले गाडीतल्या इंजिनाच्या रबरालाच माउंटिंग म्हणतात, त्यामुळे नवीन माणसाचा इथं गोंधळ होतो. विमानात पिंजरा वेगळा आणि रबर वेगळी. शंभर-सव्वाशे किलोचं इंजिन, पंख्याची ओढ, त्याचा पीळ, उतरतानाचा दणका, हे सगळं या पिंजऱ्यातून आणि त्याच्या मोजक्या बोल्टांतून मागच्या सांगाड्यात जातं.

चांगला पिंजरा ४१३० या क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांचा असतो. नळीची भिंत बऱ्याचदा एक मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या खिडकीच्या ग्रिलच्या पाइपपेक्षाही पातळ असू शकते. म्हणून यावरचा छोटा ओरखडासुद्धा छोटा नसतो.

खराबी शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. जिथं तीन-चार नळ्या एकत्र येतात, तिथं वेल्डच्या अगदी कडेला. वेल्डवर नव्हे, कडेला, कारण तापून गार झालेला तो पट्टा सगळ्यात आधी दमतो. दुसरी जागा म्हणजे एखादी वायर किंवा होज नळीला घासत असेल ती. प्लास्टिकचा टाय लावून वायर थेट नळीला बांधली की टाय आणि नळी यांच्यामध्ये धूळ अडकते, इंजिन हलत राहतं आणि ती धूळ पॉलिश पेपरसारखी नळी कापते. आपल्याकडच्या मुरमाड धुळीत हे फार लवकर होतं. तिसरी जागा सायलेन्सरच्या पाइपाजवळची. तिथं गळणारा गरम वायू नळीवर एकाच ठिकाणी मारा करतो.

आमच्या माउंटवर डाव्या खालच्या सांध्याजवळ रंगाला केसाएवढी रेघ होती आणि तिच्यातून तांबूस पाणी उतरल्यासारखा डाग होता. दाजी म्हणाले, रंग तडकलाय. मलाही तसंच वाटलं. रंग काढला, डाय टेस्ट केली. लाल रंगाचा द्रव लावला, सांगितलेला वेळ थांबलो, पुसलं आणि वरून पांढरी पूड फवारली. काही मिनिटांत पांढऱ्यावर लाल रेघ उमटली, जवळजवळ पाव परिघाएवढी. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांचे शाफ्ट आणि वेल्डिंग तपासणारे लोक आहेत, त्यांना ही टेस्ट सवयीची असते. लोखंडासाठी चुंबकाची तपासणी आणखी बारीक भेग दाखवते, ती सोय असेल तर तीच करून घ्या. पण टेस्टच्या आधी सँड ब्लास्टिंग किंवा कडक वायर ब्रश मारू नका. भेगेचं तोंड दाबलं जातं आणि मग डाय आत जातच नाही. रंग केमिकलनं काढा.

भेगेवर पुन्हा वेल्ड मारून भागेल का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. माझं उत्तर, जुन्या माउंटवर नाही. एक भेग दिसली म्हणजे त्याच वयाचे, तेवढीच धडधड सोसलेले बाकीचे सांधेही तिथंच पोचत आले आहेत. शिवाय जुन्या वेल्डवर नवीन वेल्ड चढवला की कडेचा कमकुवत पट्टा फक्त थोडा पुढे सरकतो.

पाना लावण्याआधी मोजा

या लेखातला हा भाग सगळ्यात सावकाश वाचा. इंजिन उतरवायला आम्हाला एक दिवस लागला. मोजमापाला तीन दिवस लागले आणि ते तीन दिवस कामी आले.

विमान आधी लेव्हलमध्ये आणा. ड्रॉइंगमध्ये सांगाड्याची कुठली नळी किंवा कुठली कड आडवी धरायची ते दिलेलं असतं. शेपटीच्या चाकावर बसणारं विमान असेल तर शेपूट घोडीवर उचलून घ्या आणि घोडीला बांधा. मग सांगाड्याच्या मध्यावरून दोन ठिकाणी ओळंबा सोडा, खाली फरशीवर खुणा करा आणि त्या जोडणारी सूतदोरी निळीत बुडवून मारा. गवंडी मारतो तशीच. ही तुमची मध्यरेषा. आता पंखा ज्या चकतीवर बसतो, तिच्या मध्यातून ओळंबा सोडा. तो मध्यरेषेवर पडतो की बाजूला? किती मिलिमीटर? कुठल्या बाजूला? लिहून ठेवा. चकतीला डिजिटल लेव्हल लावून ती पुढे किती झुकली आहे तेही लिहा. फायरवॉलपासून चकतीपर्यंतचं अंतर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे घ्या.

पंखा अजून जागेवर असेल तर आणखी एक साधी युक्ती आहे. तो आडवा करा आणि त्याच्या दोन्ही टोकांपासून शेपटीच्या खांबापर्यंत टेप धरा. (पंखा हातानं फिरवण्याआधी खाली मॅग्नेटोबद्दल लिहिलंय ते वाचा.) दोन्ही अंतरं सारखी आली नाहीत तर घाबरू नका. तसं असायला हवं अशी पुष्कळ विमानं आहेत.

आमच्याकडे नेमकं इथंच चुकणार होतं. उजवं टोक शेपटीला सहा-साडेसहा सेंटिमीटर जवळ भरलं. आमच्या शेडमधला वेल्डर पंचवीस वर्षं गुण्यात, म्हणजे काटकोन धरून, काम केलेला, हात सोन्याचा. त्यानं एक नजर टाकली आणि म्हणाला, "अण्णा, हे वाकलंय की. कधीतरी आपटलेलं दिसतंय. नवीन करताना गुण्यात घेऊ या." मलाही पटलं. त्या संध्याकाळी मी जिगची, म्हणजे वेल्डिंग करताना नळ्या जागेवर धरणाऱ्या साच्याची, प्लेट काटकोनात आखूनसुद्धा ठेवली. रात्री दाजी ड्रॉइंगचा गठ्ठा घेऊन बसले होते. एका कोपऱ्यात बारीक अक्षरात त्यांना सापडलं, इंजिन दोन अंश उजवीकडे.

याचं कारण समजून घ्या, म्हणजे तुम्ही ते कधी विसरणार नाही. वैमानिकाच्या जागेवरून पाहताना पंखा घड्याळाच्या काट्यासारखा फिरत असेल, तर इंजिनाला जोर दिला की विमानाचं नाक डावीकडे ओढलं जातं. पंख्याची हवा पीळ घेत मागे जाते आणि शेपटीवर डावीकडून आपटते. नाक वर असताना खाली येणारं, म्हणजे उजवीकडचं पातं जास्त ओढतं. ही ओढ भरून काढायला आराखडा करणारा माणूस इंजिनच थोडं उजवीकडे वळवून ठेवतो. बऱ्याच विमानांत ते थोडं खालीही झुकवलेलं असतं, म्हणजे जोर वाढवल्यावर नाक एकदम वर उठत नाही. दोन अंश म्हणजे साठ सेंटिमीटर लांबीत दोन सेंटिमीटर, जवळजवळ डोळ्याला दिसेल एवढं. अनुभवी फॅब्रिकेटरच्या डोळ्याला ते हमखास चूक वाटतं, कारण त्याचं सगळं आयुष्य वाकडं सरळ करण्यात गेलेलं असतं. वेल्डरचा यात काही दोष नव्हता. ड्रॉइंग त्याच्या हातात मीच द्यायला हवं होतं.

पण याची दुसरी बाजूही आहे. विमान खरोखर कधी आपटलं असेल, तर जुनं माउंट वाकलेलं असू शकतं, आणि त्यावरून माप घेतलं तर तुम्ही अपघाताचीच नक्कल कराल. म्हणून जुन्या माउंटचं माप आणि ड्रॉइंगचं माप शेजारी शेजारी लिहा. जुळली तर उत्तम. नाही जुळली तर फरकाचं कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. ड्रॉइंग हरवलेलं असेल तर त्या आराखड्याच्या मूळ कंपनीला किंवा तेच विमान बांधलेल्या दुसऱ्या माणसाला लिहा. ही मंडळी मनापासून मदत करतात.

मग फोटो. शंभर काढा, दोनशे काढा. प्रत्येक होज, केबल आणि वायरला चिठ्ठी बांधा. चिठ्ठीवर 'कुठून कुठं' लिहा, नुसतं नाव नको.

नवीन माउंट कुठून आणायचं

किट विकणारी कंपनी अजून चालू असेल तर तिच्याकडूनच घ्या. वाहतूक आणि कस्टम धरून महाग पडतं, तरी माझा सल्ला हाच. पहिलंच काम असेल तर स्वतः माउंट वेल्ड करू नका. गेट वाकडं झालं तर परत काढता येतं.

बनवूनच घ्यायचं असेल, तर काय मागायचं ते माहीत हवं. नळी ४१३० चीच, बिनजोड आणि दाखल्यासकट. दिसायला तशीच असलेली फर्निचरची पाइप चालत नाही. जिगसाठी जाड प्लेट घ्या, निदान बारा मिलिमीटरची, आणि फायरवॉलवरच्या भोकांचं माप प्रत्यक्ष विमानावरूनच उचला. घरी बांधलेल्या दोन विमानांची भोकं तंतोतंत सारखी नसतात. नळीचं टोक दुसऱ्या नळीवर माशाच्या तोंडासारखं बसलं पाहिजे, फट वेल्डनं भरायची नाही. आधी सगळे टाके मारून घ्यायचे, मग समोरासमोरचे सांधे आलटून पालटून पूर्ण करायचे, म्हणजे पिंजरा एका बाजूला ओढला जात नाही. टिग वेल्डिंग, म्हणजे गॅसच्या आवरणात करायचं बारीक वेल्डिंग, करणारा चांगला माणूस शोधा आणि त्याला आधी तुकड्यांवर सांधे करायला लावा. ते करवतीनं कापून आत वेल्ड कसा उतरलाय ते बघा.

सोलापुरात एक खास अडचण आहे. मे महिन्यात शेडमध्ये बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतात आणि अंगावर पंखा असल्याशिवाय कुणी वेल्डिंगला बसत नाही. इथं पंखा बंदच हवा. वाऱ्यानं टिगचा गॅस उडून जातो, आणि लाल झालेला सांधा झपाट्यानं गार झाला तर हे पोलाद कडक आणि ठिसूळ होतं. आम्ही वेल्डिंग पहाटे पाचला सुरू करून आठला थांबवायचो. सांध्यावर पाणी किंवा ओला फडका तर चुकूनही नको. वेल्डचा उंचवटा ग्राइंडरनं घासून देखणा करायचा मोहही टाळा, त्या उंचवट्यातच ताकद असते.

नळी आतून गंजू नये म्हणून जुनी आणि खात्रीची पद्धत म्हणजे जवसाचं तेल. रंगाच्या दुकानात उकळलेलं मिळतं ते. ते गरम करून ड्रॉइंगमध्ये दाखवलेल्या बारीक भोकातून आत सोडायचं, माउंट सगळ्या बाजूंनी फिरवायचं, जास्तीचं निथळू द्यायचं आणि भोक बंद करायचं. पण या तेलानं भिजलेली फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि गोळा झालेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. आपल्या उन्हाळ्यात तर आणखी लवकर. ती उघड्यावर, एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत टाका. माझ्या ओळखीच्या एका रंगाऱ्याच्या गोडाऊनला याच कारणानं आग लागली होती. ती रात्र मी विसरलेलो नाही.

रंग पांढरा किंवा फिका राखाडी द्या. काळा रंग देखणा दिसतो, पण त्यावर भेग आणि गंजाचा ओघळ दिसत नाही. पावडर कोटिंगबद्दल लोकांची मतं वेगवेगळी आहेत. मला ते नको वाटतं, कारण जाड थराखाली भेग झाकली जाते.

इंजिन उतरवणं

सर्वात आधी मॅग्नेटो. मोटारसायकलवरून आलेल्या मेकॅनिकला हे उलटं वाटतं, म्हणून नीट सांगतो. विमानाच्या इंजिनात ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही, मॅग्नेटो स्वतःच वीज तयार करतो. स्विच 'बंद' असतो तेव्हा एक वायर मॅग्नेटोला अर्थ करून गप्प बसवते. ती वायर तुम्ही सोडली की मॅग्नेटो जिवंत झाला. बॅटरी काढलेली असो, चावी खिशात असो, पंख्याला हात लागून तो थोडा जरी फिरला तरी इंजिन एक ठोका घेऊ शकतं, आणि तेवढा ठोका हात तोडायला पुरतो. म्हणून ती वायर सोडण्याआधी सगळ्या स्पार्क प्लगच्या केबल काढा आणि प्रत्येक सिलिंडरचा एक प्लग काढून टाका. दाब राहिला नाही की पंखा झटका मारत नाही. हे केल्यावरसुद्धा पात्यांच्या वर्तुळात उभं राहून काम करू नका.

त्यानंतर बॅटरी, आधी निगेटिव्ह. मग पेट्रोल बाहेर मोकळ्या हवेत, धातूच्या कॅनमध्ये. विमान आणि कॅन वायरनं जोडून घ्या, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. ऑइल काढा. पंखा काढा आणि भिंतीला टेकवून न ठेवता आडवा ठेवा. मग चिठ्ठ्या लावलेल्या केबल, होज आणि वायर सोडा, सायलेन्सर उतरवा. प्रत्येक उघड्या तोंडाला रंगीत बूच लावा आणि बुचं मोजून ठेवा. परत बसवताना तेवढीच निघाली पाहिजेत.

पुढे चाक असलेलं विमान असेल तर शेपटीखाली घोडी लावल्याशिवाय इंजिनाला हात लावू नका. पुढचं वजन गेलं की विमान शेपटीवर बसतं आणि शेपटीचं नुकसान माउंटपेक्षा महाग पडतं.

इंजिन उचलायला क्रेन लागत नाही. आमच्याकडे शेतात बोअरची मोटार काढायची तीन पायांची घोडी असते, तिच्यावर एक टनाची चेन कप्पी पुरेशी. पाय दोरीनं एकमेकांना बांधा, घसरले नाही पाहिजेत. लायकोमिंगच्या इंजिनावर वरच्या बाजूला उचलायची कडी असते, तिथूनच उचला. सिलिंडरला पट्टा गुंडाळू नका. साखळी अशी ताणा की रबरांवरचं वजन जेमतेम निघेल. आम्ही खालचे बोल्ट आधी आणि वरचे शेवटी काढले. बोल्ट हातानं सहज सरकला पाहिजे. अडला तर हातोडा उचलायचा नाही, वजन बरोबर तोललं गेलेलं नाही असं समजायचं आणि साखळी दोन कड्या वर किंवा खाली करायची. सगळे बोल्ट निघाले की इंजिन पुढे ओढण्यापेक्षा विमान हळूच मागे ढकला. लटकणारं इंजिन झोके घेतं, विमान चाकांवर सरळ जातं. या कामाला तीन माणसं हवीत. एक साखळीवर, एक इंजिनाला हात लावून, एक विमानावर. बोलणार फक्त एकच, आमच्याकडे ते दाजी होते.

मागे काय दडलंय

माउंट निघालं की फायरवॉल पहिल्यांदा मोकळी दिसते. घाई नको. सांगाड्यावरच्या ज्या फिटिंगांना माउंटचे बोल्ट लागतात, त्यांची भोकं लंबगोल झालीत का बघा. नवीन बोल्ट आत घालून हलवा. खडखड वाजलं तर इंजिनिअरला बोलवा. लाकडी सांगाडा असेल तर बोल्टाभोवतीचं लाकूड काळं पडलंय का, नखानं दबतंय का ते पाहा. फायरवॉलची जुनी भोकं, वायर जायच्या जागा, सगळं आगीला टिकणाऱ्या सीलंटनं बंद करायची हीच वेळ.

बसवणं

नवीन माउंट आधी रिकामंच फायरवॉलवर लावून बघा. सगळे बोल्ट बोटांनी आत गेले पाहिजेत आणि सगळे पाय सपाट टेकले पाहिजेत. तीन टेकले आणि चौथ्याखाली फट राहिली तर बोल्ट आवळून फट बंद करू नका. तो ताण पिंजऱ्यात कायमचा कोंडला जातो आणि वर्षा-दोन वर्षांत सांध्याजवळ भेग म्हणून बाहेर येतो. आमच्या जुन्या माउंटचं तेच झालं असावं, कारण काढताना शेवटचा बोल्ट सुटला तेव्हा एक पाय टक्कन पुढे आला होता. फट असेल तर माउंट परत जिगवर जाईल, दुसरा मार्ग नाही.

बोल्ट विमानाचे, एएन या विमानाच्या भागांसाठीच्या अमेरिकी मानकाचे आणि नवीन. दुकानातला हाय टेन्साइल बोल्ट कितीही चांगला असला तरी इथं नको. लॉक नट परत वापरायचे नाहीत, आणि फायरवॉलच्या पुढे आत नायलॉन असलेले नट लावायचे नाहीत, उष्णतेनं ते ढिले पडतात. पूर्ण धातूचे लॉक नट किंवा खाचांचा नट आणि कॉटर पिन.

आवळताना टॉर्क रेंच, म्हणजे किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना, हवाच. ड्रॉइंगमध्ये आकडा असेल तर तोच पाळा. नसेल तर विमान दुरुस्तीचे नेहमीचे आकडे असे: कोरड्या, बारीक आट्यांच्या ३/८ इंची बोल्टाला १६० ते १९० इंच-पौंड, म्हणजे साधारण १८ ते २१ न्यूटन-मीटर, आणि ७/१६ इंची बोल्टाला ४५० ते ५०० इंच-पौंड, साधारण ५१ ते ५६ न्यूटन-मीटर. इथं एका साइझनं बोल्ट वाढला की आकडा अडीचपटीहून जास्त होतो. म्हणून बोल्ट मोजूनच रेंच सेट करा. लॉक नट नुसता फिरवायलाच जेवढा जोर लागतो तो आधी मोजा आणि वरच्या आकड्यात मिळवा. आट्यांना ऑइल लावू नका, ऑइल लावलेला बोल्ट त्याच आकड्याला जास्त ताणला जातो. जमेल तिथं बोल्ट धरून नट फिरवा.

रबर नवीनच घ्या, जुनी कितीही चांगली दिसोत. खाली बसलेल्या रबरामुळे पंख्याचं टोपण खाली उतरतं आणि पुढच्या झाकणाशी त्याची फट वर मोठी, खाली लहान दिसते. वर्षभर आम्ही ती फट झाकणाची चूक समजत होतो. काही इंजिनांना चार सरळ बोल्टांवर शंकूसारखी रबर लागतात, काहींना तिरप्या बोल्टांवर जोडीची. तिरप्या प्रकारात ३० अंशाचं आणि १८ अंशाचं अशी दोन माउंट असतात, ती एकमेकांना चालत नाहीत. जोडीतल्या कुठल्या रबराला पुढे आणि कुठल्याला मागे जायचं, वर कुठली आणि खाली कुठली, ते नंबर पाहूनच ठरवा. हाताला सगळी सारखीच लागतात. मधली स्टीलची नळी विसरू नका. रबर पेट्रोलनं पुसू नका.

इंजिन उतरवलं तसंच, उलट क्रमानं चढवा.

जोडताना एक वायर

बाकीची जोडणी फोटो बघून होते. एका वायरबद्दल मात्र वेगळं लिहायलाच हवं. इंजिन रबरावर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि सांगाडा यांच्यामध्ये जाड अर्थिंगची पट्टी असते. ती लावायची राहिली आणि तुम्ही स्टार्टर दाबला, तर स्टार्टरचा सगळा करंट मिळेल त्या धातूच्या वाटेनं परत जायला बघतो. ती वाट बऱ्याचदा थ्रॉटलची केबल असते. केबल आत तापून चिकटते आणि नेमकी उड्डाणात अडकते. आम्ही ती पट्टी सगळ्यात आधी लावली आणि मगच बाकीचं.

होज आणि केबलला थोडा सैलपणा ठेवा, कारण सुरू होताना आणि बंद होताना इंजिन रबरावर चांगलंच डुलतं. झाकणापासून सगळीकडे निदान बारा मिलिमीटर मोकळी जागा हवी. नळीला काही बांधायचं असेल तर रबराचं अस्तर असलेला क्लॅम्प वापरा.

तपासणी

मोजमापाची वही काढा आणि ओळंबा पुन्हा सोडा. आमचा आधीच्या मापापासून तीन मिलिमीटर हलला होता आणि कोन ड्रॉइंगला जुळला. विमानाचं वजन आणि तोल पुन्हा काढा. माउंट एखाद-दुसरा किलोनं जड झालं तरी ते अगदी नाकाशी असतं, त्यामुळे तोलात फरक पडतो. थ्रॉटल आणि मिक्श्चर (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा दांडा) दोन्ही टोकांपर्यंत जातात का, हे एकानं आत बसून आणि दुसऱ्यानं कार्ब्युरेटरवर नजर ठेवून बघा.

पहिल्यांदा इंजिन सुरू कराल ते सकाळी सहाला. दुपारी चाळीस अंशांत उभ्या विमानाचं इंजिन बघता बघता तापतं. चाकांना अडण्या लावा, शेपूट जमिनीत ठोकलेल्या खुंट्याला बांधा, आग विझवायचं नळकांडं हातात घेतलेला माणूस बाजूला उभा करा, पंख्यासमोर नव्हे. पाच मिनिटं मंद चालवा, बंद करा, झाकण काढा आणि टॉर्च घेऊन प्रत्येक सांधा, प्रत्येक होज बघा. मग पुन्हा थोडा जास्त वेळ. पूर्ण गार झाल्यावर बोल्टांचा टॉर्क तपासा. उड्डाणाची परवानगी मिळून विमान उडायला लागलं की दहा तासांनी आणि पंचवीस तासांनी पुन्हा तपासा, कारण रबर बसत जातात.

लॉगबुकात तारीख, नवीन माउंटचा नंबर किंवा नळीचा दाखला, वेल्डरचं नाव, टॉर्कचे आकडे, नवीन वजन हे सगळं लिहा आणि इंजिनिअरची सही घ्या. आधीचा आणि नंतरचा कोनही लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाला ते वाकडं वाटणार नाही.

राहिलं जुनं माउंट. ते भंगारात देण्याआधी कापा, अखंड पिंजरा कुणीतरी घासून, रंगवून दुसऱ्या विमानाला लावू शकतं. आम्ही ग्राइंडरनं त्याचे सहा तुकडे केले. डाव्या खालच्या सांध्याचा तुकडा तेवढा शेडमधल्या टेबलावर ठेवलाय. आलात तर हातात घ्या आणि डोळे मिटून वेल्डच्या कडेवरून नख फिरवा. भेग कुठं सुरू होते ते नखाला कळतं.